सातवीच्या वर्गात फोल्डस्कोप : एका छात्राध्यापिकेचा अभिप्राय

विज्ञान पद्धती घेऊन बी.एड. करणाऱ्यांनी आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला जाण्याआधी चौघीपाचजणींत वर्गणी काढून फोल्डस्कोप घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. तक्ते आणि प्रतिकृतींवर आपण जो खर्च करतो, त्यातला निम्मा इकडे वळवला तरी पुष्कळ. मी सध्या सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीवर आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत माझा वर्ग ताळ्यावर आणला तो या कागदी सूक्ष्मदर्शकाने.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. जिम सायबुल्स्की आणि मेरठमध्ये जन्मलेले, आयआयटी कानपूरला शिकलेले मनू प्रकाश यांनी हा स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केला. २०१४ साली त्यांचा शोधनिबंध आला. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरपेक्षाही कमी, हे त्याचं वैशिष्ट्य. बाजारात मात्र त्याहून जास्त पैसे पडतात, हे धरून चाला. छापील कागदातून भाग सुटे करायचे, खुणांप्रमाणे घड्या घालायच्या आणि मधे बारीकसं गोल भिंग बसवायचं. वस्तू साधारण १४० पट मोठी दिसते. सतराव्या शतकात लेवेनहूक या डच कापडव्यापाऱ्याने असंच एक भिंग वापरून सूक्ष्मजीव पाहिले होते. प्रस्तावनेला ही गोष्ट फार उपयोगी पडते.

आता वर्गातलं. बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून किमान २० आठवडे शाळेत काढावे लागतात, त्यातले १६ दुसऱ्या वर्षात. कॉलेजात सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठांचा सराव करताना समोर आपल्याच मैत्रिणी विद्यार्थी बनून बसलेल्या असतात आणि नेमकं हवं तेच उत्तर देतात. सातवीची मुलं तसं करत नाहीत. ती नव्या बाईंना पारखून घेतात. मागच्या बाकावर मार्गदर्शक शिक्षिका वही घेऊन बसलेल्या, पुढे साठाच्या वर पोरं, आणि सगळ्यांची नजर माझ्यावर. शाळेत एक चांगला सूक्ष्मदर्शक आहे, पण एकच. रांग लावली की दहाव्या मुलाचा डोळा भिंगाला लागेपर्यंत तासाची घंटा होते, आणि रांगेतली बाकीची मुलं काय करतात ते शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

पाच फोल्डस्कोप पाच गटांना दिले तेव्हा वर्गाचा नूरच बदलला. आम्ही कांद्याचा पापुद्रा आणि मीठ घेतलं होतं, आणि शाळेच्या कुंपणाजवळच्या जास्वंदीचे परागकण. खिडकीकडे तोंड करून, दोन्ही अंगठ्यांनी कागद हळूहळू सरकवत मुलं बघत होती. एकदम एक मुलगी ओरडली, "बाई, ह्याला काटे हायेत! धोतऱ्याच्या बोंडावानी!" जास्वंदीचा परागकण खरंच काटेरी असतो, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मग बाकीच्या गटांनाही तेच बघायचं होतं. पाठाच्या टाचणात मी हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगणारं वाक्य, लिहून नेलं होतं. फळ्यावर पाठाचं नाव लिहायच्या आतच "पेशी एवढीच असती का सगळ्यांची?" असा प्रश्न आला. मार्गदर्शक बाईंनी निरीक्षणात लिहिलं, "विद्यार्थी प्रश्न विचारतात." शेरा एवढाच, पण मला त्याचं अजून अप्रूप आहे. मी शांत बसा म्हणून एकदाही ओरडले नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून उठून त्या पापुद्र्याकडे गेल्या होत्या, आणि मला बाकांमधून मोकळेपणी फिरता आलं.

मर्यादाही आहेत आणि त्या माहीत असाव्यात. उजेड भरपूर लागतो. पावसाळी दुपारी अंधाऱ्या वर्गात काही दिसत नाही, तेव्हा मुलांना व्हरांड्यात न्यावं. सूर्याकडे मात्र कधीही धरू द्यायचं नाही, ही ताकीद फोल्डस्कोप हातात देण्याआधीच द्या. भिंग इवलंसं असल्यामुळे डोळा अगदी टेकवावा लागतो आणि चष्मा असलेल्या मुलांना जरा वेळ लागतो. साधारण दोन मायक्रॉनपर्यंतचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वेगळं दिसतं, त्यामुळे दह्यातले जिवाणू नीट बघायचे तर प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शकच हवा. बुरशी मात्र झकास दिसते. डबक्यातल्या पाण्यात गवत घालून चारपाच दिवस ठेवलं, तर पळणारे जीवही सापडतात. एखादा जीव दिसला की तो निसटेपर्यंत त्याच्या मागे कागद सरकवत राहणं हा मुलांचा आवडता उद्योग आहे.

चुंबकाने फोल्डस्कोप मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटवता येतो, मग पडद्यावर गटातल्या सगळ्यांना एकदम दिसतं. शाळेत मोबाइल वापरायला मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या. माझ्या मते पहिल्या तासाला मोबाइल लावूच नये. आपल्या हातांनी शोधून सापडलेला परागकण आणि पडद्यावर आयता दिसलेला परागकण, यांत मुलांच्या चेहऱ्यावर फार फरक पडतो.

घड्या घालायचं काम नव्या माणसाला सहज अर्धा तास घेतं. ३५ मिनिटांच्या तासिकेत ते बसत नाही, म्हणून कार्यानुभवाचा तास मागून घ्या किंवा घरून जोडून न्या. मला पहिला पर्याय पसंत आहे. ज्या गटाने जोडला, तो गट त्याला जपतो. कागद पाण्याने खराब होत नाही, पण भिंगावर बोट लागू देऊ नका.

विकत घेण्याआधी शाळेत एकदा चौकशी करा. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने फोल्डस्कोपसाठी शाळा-कॉलेजांना अनुदान दिलं होतं, तेव्हा एखाद्या कपाटात पाकीट पडलेलं असू शकतं. नसेल तर पाच-सहा मुलांमागे एक या हिशेबाने घेतलेले उत्तम, आणि आंतरवासिता संपल्यावर निदान एक तरी त्या वर्गाकडे ठेवून या.