इराकवरचं युद्ध आणि घरातली पाळत: कशावर संशय जास्त?

इराकवरचा हल्ला असो की स्वतःच्याच नागरिकांवरची पाळत, अमेरिकी सरकारच्या हेतूंवर शंका घ्यायला दोन्हीकडे कारणं आहेत, पण ती सारखी नाहीत.

इराकचं प्रकरण निदान जगासमोर मांडलं गेलं. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत छोटीशी कुपी हातात धरून इराककडच्या अँथ्रॅक्स या जैविक अस्त्राचा धोका सांगितला. मार्चमध्ये हल्ला झाला. २००४ मध्ये अमेरिकेच्याच शोधपथकाने सांगितलं, इराककडे महासंहारक अस्त्रांचे साठे नव्हतेच. तोवर हजारो जीव गेले होते, पण दावा तरी पडताळता आला.

पाळतीच्या बाबतीत तीही सोय नव्हती. पॅट्रियट कायद्याचा, म्हणजे ९/११ नंतरच्या दहशतवादविरोधी कायद्याचा, गुप्तपणे हवा तसा अर्थ लावून कोट्यवधी अमेरिकी लोकांच्या फोनच्या नोंदी गोळा होत होत्या: कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला. अशी माहिती गोळा होते का, असं विचारल्यावर मार्च २०१३ मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांनी सिनेटच्या समितीसमोर ‘नाही’ म्हणून सांगितलं. जूनमध्ये गुप्तचर यंत्रणेसाठी कंत्राटावर काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांनी पितळ उघडं पडलं. आणि उपयोग? २०१४ मध्ये सरकारच्याच देखरेख मंडळाला, या नोंदींमुळे दहशतवादविरोधी तपासात ठोस फरक पडल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही.

जीवितहानी पाहिली तर इराक कितीतरी भयंकर. तरी मला धास्ती पाळतीची जास्त वाटते, कारण एका माणसाने जोखीम पत्करली नसती तर आपल्यावर नजर आहे हे सामान्य नागरिकाला कळलंच नसतं.