बिल खरे, खाते क्रमांक चोराचा

बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे आणि पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचे कच्चे लोखंड, आम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील एका व्यापाऱ्याकडून घेतो. त्याच्या नावाने ईमेल आला की बँक बदलली आहे, या बिलाचे पैसे नव्या खात्यात भरावेत. खाली आमचाच जुना पत्रव्यवहार होता, बिलाचा क्रमांक आणि रक्कमही बिनचूक होती. आरटीजीएसने पैसे गेले. खऱ्या व्यापाऱ्याने थकबाकीसाठी फोन केला तेव्हा प्रकार उघड झाला.

सुरुवात त्याआधीच झाली होती. ‘कोटेशन’ नावाची जोडफाइल डिस्पॅचच्या मुलाने उघडली; ती पीडीएफ नव्हती, ब्राउझरमध्ये ईमेलच्या लॉगिनसारखे पान दाखवणारी एचटीएमएल फाइल होती, आणि तिथे त्याने पासवर्ड टाकला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हे कोणी शिकवले नव्हते आणि संपूर्ण ऑफिसला मिळून एकच मेलबॉक्स, एकच पासवर्ड होता. चोराने आत शिरून आमचे व्यवहार वाचले आणि सेटिंगमध्ये एक नियम बसवला: व्यापाऱ्याचे खरे ईमेल इनबॉक्समध्ये न येता कोणी कधी न उघडणाऱ्या ‘आरएसएस फीड्स’ या फोल्डरमध्ये जाऊन पडत. मग बनावट पत्त्यावरून ईमेल आला, ज्यात ‘एम’ या इंग्रजी अक्षराऐवजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी होते. चष्मा लावूनही फरक दिसत नाही.

पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो, हे बहुतेकांना माहीत नसते. म्हणून फॉरवर्डिंग (आपले ईमेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सेटिंग) आणि नियमांची यादी स्वतः उघडून पाहावी, सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे आणि द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, सुरू करावी. खाते बदलल्याचा ईमेल आला, तर त्यातल्या नंबरवर नव्हे, जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करावा. आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळलेच पाहिजे असे नसते. खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. ती वापरावी.

फसवणूक कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ते अडवण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. आमची थोडीच रक्कम एका खात्यात गोठवली गेली असून ती सोडवण्यासाठी आम्ही न्यायालयात अर्ज केला आहे.