वीर-ए-हिंद, व्हिएन्नाचा साचा आणि ड्रेस्डेनचे आजोबा

जर्मनीत राहणाऱ्या आणि जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या मराठी मंडळींनी हे जरूर वाचावं, कारण नेताजींच्या पदकांचा हा सापळा खास आपल्यासाठीच लावलेला असतो. नेताजींचं नाव घेतलं की भारतीय गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, हे इथल्या काही विक्रेत्यांनी चांगलंच हेरलंय.

मी ड्रेस्डेनला नोकरी करतो आणि 'सत्तावन्नची' पदकं जमवतो. १९४५ नंतर दोस्त राष्ट्रांनी जर्मन सैनिकांना महायुद्धातली पदकं लावायला बंदी केली होती. पुढे पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांच्या सरकारने २६ जुलै १९५७ च्या कायद्याने ती लावायची मुभा दिली, पण नाझी स्वस्तिक काढून. मग लोखंडी क्रॉसच्या मध्यभागी ओकची पानं आली आणि जखमींच्या बिल्ल्यावरचं शिरस्त्राण कोरं झालं. ज्याला हवं त्याने पदरचे पैसे टाकून ही नवी आवृत्ती विकत घ्यायची. देशाने स्वतःचा इतिहास धातूत कसा दुरुस्त केला ते या तुकड्यांत दिसतं, म्हणून मला त्यांचं आकर्षण. नाझी काळाचं प्रेम वगैरे काही नाही, हे सांगून टाकलेलं बरं. घरी आलेले पाहुणे विचारतातच.

तर एल्बे नदीकाठच्या जुन्या बाजारात एका गृहस्थाकडून मी सत्तावन्नचा एक लोखंडी क्रॉस घेतला. वस्तू अस्सल, किंमतही वाजवी. आधी एक खरी गोष्ट स्वस्तात देऊन विश्वास बसवायचा, ही या धंद्यातली जुनी रीत. आजोबांचा ठेवा आहे म्हणाला; आजोबा जन्मभर ड्रेस्डेनमध्येच राहिले. आता गंमत बघा. १९५७ चा कायदा पश्चिम जर्मनीचा. ड्रेस्डेन तेव्हा पूर्व जर्मनीत, तिथे असला क्रॉस छातीवर लावून फिरायची सोयच नव्हती. आजोबांना तो मिळूच शकला नसता असं नाही, पण विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत इतकं तर हे विचित्र आहेच.

माझं आडनाव कळल्यावर त्याने फोनवर फोटो पाठवले : आझाद हिंदचं 'वीर-ए-हिंद' पदक, तलवारींच्या चिन्हासह. ही पदकं नेताजींनी १९४२ मध्ये जर्मनीत असताना सुरू केली. उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या हिंदी युद्धकैद्यांमधून जी फौज उभी राहिली, त्या जर्मन सैन्यातल्या ९५० क्रमांकाच्या रेजिमेंटसाठी. तिचं प्रशिक्षण आमच्या ड्रेस्डेनजवळच्या क्योनिग्सब्र्युकला झालं. विक्रेत्याचे आजोबा म्हणे तिथे शिक्षक होते आणि एका हिंदी जवानाने निघताना आपलं पदक त्यांना दिलं. किंमत साडेआठशे युरो. पदकाबरोबर प्रमाणपत्र होतं, पण फोटोत ते घडी घातलेलं, फक्त शिक्का दिसेल असं. "कागद फार नाजूक आहे, उलगडला तर फाटेल."

भेटल्यावर त्याने स्वतःहून पदकाच्या परीक्षा घेऊन दाखवल्या. भिंग दिलं : कडा धारदार, ओतकामात येतात तसे बुडबुडे कुठेही नाहीत. अतिनील दिवा फितीवर धरला : फीत चमकली नाही. युद्धानंतरच्या धाग्यांत पांढरेपणासाठी रसायनं असतात आणि ती या दिव्याखाली निळसर चमकतात, म्हणून जमवणारे ही चाचणी करतात. पण न चमकणारी सुती फीत आजही मिळते, आणि फीत बदलायला दोन मिनिटं पुरतात.

धातूची परीक्षा तर इथे मुळातच बिनकामाची. ही पदकं व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूव्हाल या कारखान्याने घडवली, आणि युद्धानंतरही तिथे जमवणाऱ्यांसाठी जुन्या पदकांच्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्यात लपवाछपवी काही नाही. पण कारखाना तोच आणि साचाही तोच असेल तर १९४३ चा ठसा आणि नंतरचा ठसा भिंगाखाली सारखाच सुबक दिसणार. नंतरचा तुकडा युद्धकाळातला म्हणून विकला की भाव कितीतरी पटींनी चढतो. त्यामुळे विक्रेता तुम्हाला धातू हवा तितका वेळ तपासू देतो. तपासू देत नाही तो कागद.

तरी पदक मी घेतलंच, आणि तो कागद घरी येऊन उलगडला. फाटला वगैरे काही नाही, चांगला दणकट होता. जर्मनमध्ये टंकलेला मजकूर, क्योनिग्सब्र्युक, मार्च १९४४, खाली शाईने नेताजींची सही. नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्येच आबिद हसन यांच्यासह कील बंदरातून यू-१८० पाणबुडीने पूर्वेकडे निघाले होते. मागे बर्लिनमधला आझाद हिंदचा कारभार ए. सी. एन. नांबियार पाहत होते. रेजिमेंटही क्योनिग्सब्र्युकला नव्हती. ती १९४३ मध्ये आधी हॉलंडला आणि मग फ्रान्सच्या किनाऱ्यावर, बोर्दोजवळ लाकानोला गेली होती. आणि तलवारी असतात रणांगणावरच्या पराक्रमासाठी. या फौजेच्या वाट्याला चकमकी आल्या त्या त्यानंतर. एका पानात तीन थापा! बनवणाऱ्याने नेताजींच्या चरित्राचं एक प्रकरण जरी वाचलं असतं तरी तारीख दीड वर्ष मागे टाकली असती, आणि मग निदान सही आणि गाव तरी जुळलं असतं.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं की विक्री खासगी आहे, हमी नाही आणि वस्तू परत घेतली जाणार नाही. हे वाक्य इथे प्रत्येक जाहिरातीखाली असतं आणि लोक त्यालाच घाबरतात. प्रत्यक्षात जर्मन नागरी कायद्याचं कलम ४४४ सांगतं की जाणूनबुजून फसवलं असेल तर हमी नाकारण्याची अट विक्रेत्याला वाचवत नाही. कलम १२३ खाली करारच रद्द ठरवता येतो. फसवणूक लक्षात आल्यापासून एका वर्षाच्या आत. मी तसं रजिस्टर पत्र पाठवलं, पोलिसांकडे ऑनलाइन तक्रारही केली. त्याचं म्हणणं एकच : आजोबांनी सांगितलं तेच मी सांगितलं, कागद खोटा आहे हे मला काय माहीत. सरकारी वकिलाने चौकशी बंद केली. दिवाणी दावा लावायचा तर विक्रेत्याला हे माहीत होतं असं मी सिद्ध करायचं, आणि त्याचे आजोबा तर कधीच वारलेत.

पैसे त्याने पेपॅलवर 'मित्र आणि कुटुंब' हा पर्याय निवडून पाठवायला लावले होते, शुल्क वाचतं म्हणून. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही, त्यामुळे तोही दरवाजा बंद. शुल्क घ्या माझ्याकडून, पण पैसे वस्तू-खरेदी म्हणूनच पाठवतो, असं म्हणून बघा. अस्सल विक्रेता कुरकुरत का होईना, मान्य करतो.

आणि कागद नाजूक असेल तर त्याचा उलगडलेला फोटो मागा. पदकाचा नको, कागदाचा. तारीख, गाव आणि सही, तिन्ही वाचता येतील असा.