थर्मोकपलची केबल पॅनलपर्यंत ओढायची, की हेडमध्येच ट्रान्समीटर बसवायचा?

जालन्यातल्या एखाद्या रोलिंग मिलच्या भट्टीवर के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर) बसवताय असं धरू. हेड म्हणजे भट्टीबाहेर राहणारी त्याची जोडणीची डबी. तो अंशामागे साधारण 41 मायक्रोव्होल्ट देतो. भट्टी 1000 अंशांवर असली तरी हाती येतात जेमतेम 41 मिलिव्होल्ट. वाटेत व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटरकेबली, पलीकडे इंडक्शन फर्नेस, आणि रीडिंग दाखवणारं पॅनल 60-70 मीटर लांब. 0.4 मिलिव्होल्ट नॉइज (बाहेरून आलेला नको असलेला व्होल्टेज) शिरला की दहा अंशांचा घोळ झालाच.

कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलसारखाच व्होल्टेज देणाऱ्या धातूंची खास केबल) थेट ओढली तर भट्टीजवळ इलेक्ट्रॉनिक्स राहत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती माणसाच्या हातावर अवलंबून असते. मी पाहिलेल्या एका मिलमध्ये केबल तुटल्यावर रात्रपाळीत मधे साधी तांब्याची वायर जोडली होती. हेडपासून पॅनलपर्यंत अशी तांब्याची वायर असेल, हेड 70 अंशांवर आणि पॅनल 30 वर असेल, तर हा फरक हिशोबात येत नाही आणि रीडिंग 40 अंश कमी येतं. आणखी एक फसवणूक रंगाची. अमेरिकी रंगसंकेतात के टाइपची पिवळी वायर प्लस आणि लाल मायनस. आपला इलेक्ट्रिशियन सवयीने लाल प्लसला लावतो. दोन्ही टोकांना तशीच उलटी लागली तर रीडिंग 80 अंश कमी, आणि भट्टी तापली की आकडा वाढतोच, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. इकडे भट्टी मात्र जास्त तापवली जाते, इंधन जळतं, बिलेटवर (पोलादाच्या ठोकळ्यावर) स्केल, म्हणजे ऑक्साइडचा थर चढतो.

हेड ट्रान्समीटर हेच मिलिव्होल्ट 4-20 मिलिअँपिअरच्या करंटमध्ये बदलतो. 0-1200 अंशांची रेंज धरली आणि पॅनलमध्ये 250 ओहमचा रेझिस्टर लावला, तर एका अंशाला 3.3 मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे मूळच्या सुमारे ऐंशी पट. पुढे साधी तांब्याची शिल्डेड (वर धातूचं आवरण असलेली) जोडी चालते. लूप तुटला की करंट शून्यावर येतो, बिघाड लगेच कळतो. अडचण एकच: बहुतेक ट्रान्समीटरची मर्यादा 85 अंश. मे महिन्यात पारा 42 च्या आसपास असताना भट्टीच्या छतावरचं हेड ती सहज ओलांडतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बाजूच्या भिंतीवरचं हेड हाताला सोसवेल इतकंच गरम राहत असेल तर ट्रान्समीटर तिथेच बसवा. छतावर असेल तर पाच-सहा मीटर कॉम्पेन्सेटिंग केबल काढून सावलीतल्या खांबावर बॉक्स लावा आणि ट्रान्समीटर त्यात ठेवा. पॅनल दहा-पंधरा मीटरवर असेल आणि केबलचा ट्रे वेगळा मिळत असेल, तरच केबल थेट ओढा.

साखर कारखान्यात रसाच्या तापमानाला पीटी100 (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) असेल, तर दोन वायरवर भागवू नका. एक चौरस मिमीची वायर 100 मीटर नेली की जाऊन-येऊन 3.6 ओहम वाढतात, म्हणजे सुमारे नऊ अंश जास्त. तीन वायर टाका, म्हणजे वायरचा रेझिस्टन्स वजा करता येतो.

ट्रान्समीटर घेताना इनपुट-आउटपुट आयसोलेशन (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या) आहे का, हे विचारून घ्या. शिल्ड पॅनलच्या टोकालाच अर्थ करा, हेडकडचं टोक टेपने गुंडाळून मोकळं ठेवा.