सॅनिटायझरची टेस्ट: झोन मोजायचा, टाइम-किल करायचं की बोटांचे ठसे घ्यायचे?

टीवायच्या (बीएस्सी तिसऱ्या वर्षाच्या) मायक्रोबायोलॉजी प्रोजेक्टला सॅनिटायझर घेतलं की बहुतेक पोरं डोळे झाकून वेल डिफ्यूजन धरतात, कारण काम सोपं. म्युलर-हिंटन अगारवर (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीसारख्या थरावर) कल्चर, म्हणजे वाढवलेले बॅक्टेरिया, स्वॅबने पसरलं, भोक पाडलं, त्यात सॅनिटायझर घातलं, दुसऱ्या दिवशी पट्टीने झोन, म्हणजे भोकाभोवतीचं बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ, मोजला की झालं, फोटोपण भारी येतो. पण अल्कोहोलच्या बाबतीत हा झोन चक्क फसवतो. अल्कोहोलचं काम सेकंदांचं, प्रोटीन बिघडवायचं, पेशीचं आवरण फोडायचं आणि उडून जायचं. इथे ते अगारमध्ये पसरता पसरताच पातळ होतं, उरलेलं ३७ डिग्रीला उडतं. म्हणून चांगल्या ७० टक्केवाल्या बाटलीचा झोन एवढुसा येतो नाहीतर येतच नाही, आणि शेजारची बिनअल्कोहोलची, बेन्झाल्कोनियम क्लोराइडवाली बाटली मोठ्ठा झोन देऊन भाव खाते, कारण ते उडत नाही, तिथेच बसून राहतं. यावरून 'दुसरी बाटली चांगली' असं लिहिलंत तर व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेला एक्स्टर्नल परीक्षक सोडणार नाही.

टाइम-किलला, म्हणजे ठरावीक वेळात किती बॅक्टेरिया मरतात ते मोजायला, मेहनत जास्त, पण उत्तर खरं मिळतं. ९.९ मिली सॅनिटायझरमध्ये ०.१ मिली कल्चर (गढूळपणाच्या मापाने ०.५ मॅकफारलंड, म्हणजे साधारण मिलीला पंधरा कोटी बॅक्टेरिया), स्टॉपवॉच लावायचं, बरोबर ३० सेकंदांनी त्यातलं १ मिली ९ मिली न्यूट्रलायझरमध्ये (सॅनिटायझरचं काम थांबवणाऱ्या द्रावणात), मग डायल्यूशन (पातळ करणं), प्लेटिंग (अगारवर पसरणं), वाढलेल्या कॉलनी म्हणजे ठिपके मोजणं. न्यूट्रलायझर का, तर तो नसेल तर औषध नळीत मारतच राहतं आणि तुमचे ३० सेकंद नुसते नावाला. नुसत्या अल्कोहोलला दहापट पातळ केलं तरी बऱ्यापैकी भागतं, पण क्लोरहेक्सिडीन (हातावर टिकून राहणारं जंतुनाशक) असेल तर ट्वीन ८० आणि लेसिथिन हवंच. पाण्याचा कंट्रोल ठेवा, न्यूट्रलायझर स्वतःच बॅक्टेरिया मारत नाही ना तेही बघून घ्या. जेल पिपेटमध्ये चढता चढत नाही, तिथे टिपचं टोक कापून मोठं करायचं.

उत्तर लॉग रिडक्शनमध्ये येतं, एक लॉग म्हणजे बॅक्टेरिया दहापट कमी. बाटलीवरचं ९९.९ टक्के म्हणजे ३ लॉग, हजारात एक उरला. युरोपातली ईएन १३७२७ टेस्ट ५ लॉग मागते, लाखात एक. ऐकायला जवळजवळ सारखंच, पण फरक शंभरपट.

तिसरी पद्धत बोटांच्या ठशांची, अगारवर आधी एक ठसा, सॅनिटायझर लावून वाळल्यावर दुसरा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हीच घ्या, बघणाऱ्याला लगेच कळतं. प्रोजेक्टला मात्र लंगडी, कारण प्रत्येकाचा हात वेगळा, कोण कमी घेतो, कोण चोळतच नाही. हातावरची खरी टेस्ट म्हणजे ईएन १५००, त्यात हातांना ई. कोलाय लावून ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलशी तुलना करतात, पण त्याला माणसं आणि परवानग्या लागतात, टीवायला झेपायचं नाही.

तर मी म्हणेन टाइम-किल, ई. कोलाय के-१२ (लॅबमधला निरुपद्रवी प्रकार) वर, स्टॅफ ऑरियस (रोग करू शकणारा बॅक्टेरिया) फक्त मॅडम आणि सेफ्टी कॅबिनेट दोन्ही हाताशी असतील तरच. सँपल कमी घ्या पण तीन-तीनदा करा. आणि गोव्यात आहात तर काजूची फेणी एक सँपल म्हणून ठेवाच, चाळिशीच्या थोडी वर अल्कोहोल असतं तिच्यात, म्हणजे सॅनिटायझरला लागणाऱ्या किमान ६० टक्क्यांच्या बरीच खाली. सोबत ॲब्सोल्यूट (जवळजवळ बिनपाण्याचं) अल्कोहोल पण लावा, पाणी नसलं की प्रोटीन नीट बिघडत नाही म्हणून ते ७० टक्क्यांपेक्षा मागे पडू शकतं, आणि मग डिस्कशनमध्ये लिहायला दोन पानं आपोआप मिळतात.