एलटीस्पाइस रिव्ह्यू: एरर आली की आधी आपलं सर्किट तपासा

रबाळे एमआयडीसीत पॉवर सप्लाय बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये कामाला आहे, सात-आठ वर्षं एलटीस्पाइस, म्हणजे सर्किट बनवण्याआधी कम्प्युटरवर चालवून बघायचं सॉफ्टवेअर, जवळपास रोज उघडतो. गेल्या रविवारी मावसभाऊ ऐरोलीहून लॅपटॉप घेऊन ठाण्याला घरी आला, डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे त्याचं, आल्या आल्या म्हणतो दादा हे सॉफ्टवेअरच बिघडलंय, काढून परत टाकलं तरी त्याच एरर येतायत. हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवीन मुलाकडून ऐकलंय म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी सॉफ्टवेअरबद्दल. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसच्या साइटवर फुकट मिळतं, मूळ लिनियर टेक्नॉलॉजीचं, ती कंपनी त्यांनी 2017 मध्ये घेतली. पार्ट कितीही टाका, मर्यादा नाही. साध्या लॅपटॉपवर पण मस्त चालतं आणि स्विचिंग सप्लायसाठी तर मला यापेक्षा हाताला बसलेलं दुसरं काही नाही. दिसायला जुनाट आहे, ते मान्य. आतला पाया 1970 च्या दशकात अमेरिकेत बर्कली विद्यापीठात तयार झालेल्या स्पाइस या सिम्युलेशन प्रोग्रॅमचा, आणि नवीन माणूस अडकतो तो बहुतेक त्याच जुन्या नियमांवर.

भावाचंच बघा. 230 व्होल्ट रेक्टिफाय करून साधारण 325 व्होल्ट डीसी, त्यावर डिव्हायडर (व्होल्टेज विभागून कमी करणारे दोन रेझिस्टर), वर 1 मेगाओहम खाली 10 के म्हणजे किलोओहम, कंपॅरेटरला (दोन व्होल्टेज ताडून बघणारा भाग) 3.2 व्होल्ट मिळायला हवेत. ग्राफवर दिसतायत पूर्ण 325! त्याने व्हॅल्यू लिहिलेली '1एम'. स्पाइसला मोठं एम लहान एम सगळं सारखंच, आणि एम म्हणजे मिली, म्हणजे वरचा रेझिस्टर 1 मिलिओहमचा झाला, तारच की ती. तिथे 'मेग' लिहायचं. कपॅसिटरला '1एफ' लिहिलंत तर ते पण फॅरड नाही, फेम्टोफॅरड, म्हणजे अगदी नगण्य, धरतं. यात एरर नाही, वॉर्निंग नाही, सरळ चुकीचा ग्राफ काढून देतं, म्हणून मला ही चूक सगळ्यात घातक वाटते.

मग 'सिंग्युलर मॅट्रिक्स' ही एरर. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (आउटपुटची गुंडाळी) त्याने नुसती लटकत ठेवलेली, ग्राउंडशी काही संबंधच नाही. खऱ्या बोर्डवर आयसोलेशन (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या) पाहिजेच, पण सिम्युलेटरला प्रत्येक नोडचं (जोडबिंदूचं) व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत काढायचं असतं, तो रस्ताच नसेल तर गणित सुटणार कसं? सेकंडरीच्या एका टोकापासून ग्राउंडला 100 मेगचा रेझिस्टर टाकला, काम झालं.

आणि सगळ्यांचा छळ करणारी 'टाइम स्टेप टू स्मॉल'. व्होल्टेज किंवा करंट एका क्षणात उडी मारतो तेव्हा सॉफ्टवेअर गणिताचं वेळेचं पाऊल लहान लहान करत जातं आणि शेवटी हात टेकतं. कारण बहुतेक वेळा एकच, आपण पार्ट फारच आदर्श काढलेले असतात. कॉइलला रेझिस्टन्स द्या, कपॅसिटरला ईएसआर (त्याचा आतला सिरीज रेझिस्टन्स) द्या, डायोडला कपॅसिटन्स द्या, स्विचवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) टाका, हे सगळं खऱ्या पार्टमध्ये असतंच की. पल्स सोर्सला राइज टाइम (पल्स वर चढायला लागणारा वेळ) 0 ठेवू नका, 0 टाकलं तर ते शून्य धरतच नाही, स्वतःच्या मनाने बराच मोठा वेळ घेतं, मी 10 नॅनोसेकंद लिहितो. तरी अडलं तर सेटिंगमध्ये सॉल्व्हर (गणित सोडवणारा भाग) नॉर्मलवरून ऑल्टरनेट करा, हळू चालतो पण जास्त अचूक आहे. रेलटॉल (गणितात किती चूक चालेल ती मर्यादा) 0.001 चा 0.01 करून गाडी पुढे ढकलणारे बरेच बघितलेत, कृपया तो पहिला उपाय करू नका, सिम्युलेशन पूर्ण होतं पण आकड्यावर भरवसा राहत नाही.

बाहेरची मॉडेल्स (पार्ट कसा वागतो ते सांगणाऱ्या फाइली) टाकताना पण जपून. एकदा एका मॉस्फेटचं (स्विचसारखा वापरतात त्या ट्रान्झिस्टरचं) मॉडेल उतरवलं, त्यात पिनांचा क्रम गेट, ड्रेन, सोर्स, आणि एलटीस्पाइसच्या सिम्बॉलचा ड्रेन, गेट, सोर्स. दोन दिवस गेले माझे, मॉस्फेट बंदच होईना. आता मॉडेलच्या फाइलमधल्या सबसर्किटची पहिली ओळ, जिथे पिनांचा क्रम असतो, वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही. सिम्बॉलचा प्रीफिक्स एक्स करायचा, म्हणजे हा पार्ट सबसर्किट आहे हे सॉफ्टवेअरला कळतं, हे पण लक्षात असू द्या. 'अननोन सबसर्किट' आलं तर फाइलचं नाव तपासा, विंडोज एक्स्टेंशन लपवतं, त्यामुळे डॉट लिब वाटणारी फाइल प्रत्यक्षात डॉट लिब डॉट टीएक्सटी असते, भावाची तशीच होती.

माझ्याकडून 5 पैकी 4. एक कापला तो एररच्या भाषेसाठी, नोडचं नाव सांगतं पण काय चुकलं ते शिकणाऱ्याला कळेल असं सांगत नाही. मॅकवाल्यांनो, तुमची आवृत्ती विंडोजपेक्षा बरीच वेगळी दिसते, त्यामुळे मेनू मी म्हणतो तिथेच सापडतील असं नाही.

भावाचं सर्किट संध्याकाळी सातला चाललं, 3.2 व्होल्ट आले, आणि मग त्यानेच विचारलं की दादा वरच्या 1 मेगवर 325 व्होल्ट पडतायत, एकच रेझिस्टर चालेल का? म्हटलं नाही, पाव वॅटच्या साध्या रेझिस्टरचं व्होल्टेज रेटिंग पुरणार नाही, दोन 510 के सिरीजमध्ये लाव. हे एलटीस्पाइस तुम्हाला सांगणार नाही.