कोलोसस बघायचा तर दुसरं तिकीट काढा

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश जिथे फोडले जात, त्या इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कला गेलात तर एनिग्मा हे जर्मनांचं सांकेतिक संदेशांचं यंत्र बघून परत फिरू नका. त्याच आवारात नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग आहे. तिकीट वेगळं, पण काढाच. तिथे कोलोसस या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाची चालती प्रतिकृती आहे. जर्मन सेनापतींचे, लोरेन्झ यंत्राने सांकेतिक केलेले संदेश फोडायला ब्रिटिश टपाल खात्याच्या टॉमी फ्लॉवर्सने मूळ यंत्र १९४३ मध्ये उभारलं. त्यातले दीड हजारावर व्हॉल्व्ह (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) टिकायचे नाहीत, असं भलेभले म्हणत होते. फ्लॉवर्स टेलिफोन एक्स्चेंजवाला (तिथे तेव्हा टेलिफोनही टपाल खात्याकडेच), सतत चालू ठेवले तर व्हॉल्व्ह सहसा जात नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक. मीही जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्येच राबलो, त्यामुळे ते रॅक बघून हात शिवशिवले! संदेशाची छिद्रं पाडलेली कागदी पट्टी यंत्रातून सेकंदाला ५,००० अक्षरांच्या वेगाने पळते. एनिग्मापुढची गर्दी इकडे का वळत नाही, कोण जाणे.